अकराव्या ओळीतली सातवी वेल

१९ डिसेंबर १९९६, गुरुवार. सकाळी पावणेसात वाजता अकराव्या ओळीतली सातवी वेल कापलेली सापडली. जमिनीपासून दीड वीत वर करवतीने आडवा, सरळ छेद घातलेला होता. वेलीचा वरचा भाग तारांवर तसाच लोंबत होता आणि पानं अजून मलूल झाली नव्हती. डाव्या ओलांड्याला, म्हणजे तारेवर आडव्या नेलेल्या डाव्या फांदीला, मी बांधलेली लाल चिंधी जागेवर होती. तिच्या पुढचे चौदा घडही जागेवर होते.

मी आधी घड मोजले, मग भाऊला हाक मारली.

भास्कर माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेल्यापासून दिंडोरी तालुक्यातली आमची साडेचार एकर द्राक्षबाग तोच बघत होता. तो पंपाच्या खोलीकडून आला, वेलीसमोर उकिडवा बसला आणि छेदावरून अंगठा फिरवत राहिला.

"शेजाऱ्याचं काम," तो म्हणाला.

कुठल्या शेजाऱ्याचं, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण दहा वाजता पुण्याहून माझे मार्गदर्शक इनामदार सर येणार होते आणि ते याच वेलीसाठी येणार होते.

ही वेल काय होती ते सांगायला हवं. बिया असलेल्या द्राक्षात बीच जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करते. ते पेशींना ताणून लांब करतं आणि मणी वाढतो. बिनबियांच्या द्राक्षात हे संप्रेरक पुरत नाही आणि मणी जेमतेम वाटाण्याएवढा राहतो. म्हणून बागाईतदार तेच संप्रेरक पावडरच्या रूपात आणतात, पाण्यात मिसळतात आणि मजूर ते मगात घेऊन एकेक घड त्यात बुडवतात. सगळे त्याला जीए म्हणतात आणि या कामाला डिपिंग. हे झालं नाही तर बाजारात द्राक्षाकडे कोणी बघत नाही.

डिसेंबर ९४ मध्ये पेठकडची टोळी डिपिंगला आली होती. जेवायला सुटताना हे लोक जिथपर्यंत काम झालं त्या वेलीला चिंधी बांधतात आणि परत आल्यावर पुढच्या वेलीपासून सुरू करतात. त्या दिवशी चिंधी एक वेल पुढे बांधली गेली. सहाव्या वेलीपर्यंत काम झालं होतं, चिंधी सातवीला होती, आणि जेवून आल्यावर मजूर आठवीपासून लागले. भाऊच्या हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. एका वेलीसाठी पुन्हा पाणी कशाला कालवायचं म्हणून त्याने ती तशीच सोडली.

फेब्रुवारीत त्याने मला पुण्याला फोन केला. सातव्या वेलीच्या उजव्या ओलांड्यावरचे मणी वाटाण्याएवढे होते. डाव्या ओलांड्यावरचे बोटाच्या पेराएवढे लांब होते.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. विद्यापीठात वनस्पतींच्या जनुकांवर पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं आणि विषय ठरत नव्हता. काडीवर जिथून फूट येते त्या एखाद्या डोळ्यातल्या एका पेशीत जनुक बदलतं आणि त्या डोळ्यातून फुटलेली अख्खी फांदी वेगळी निघते, हे द्राक्षात घडतं. आपल्याकडचे काही वाण शेतकऱ्यांना असेच सापडलेले आहेत. मी रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी बागेत उभी राहिले. भाऊने एक मणी तोडून माझ्या तळहातावर ठेवला.

"म्हणजे ही वेल जीए घरीच करते?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, करत असेल. संप्रेरक तयार करणारं जनुक एरवी थोडा वेळ चालू राहून बंद होतं. या ओलांड्यात ते बंद व्हायचं विसरलं असेल.

"आपल्या घरातलीच आहे मग," भाऊ म्हणाला. "आपल्यालाही कुठं थांबायचं कळतं?"

विषय ठरला. इनामदार सर पटकन खूश होणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पुढच्या हंगामात तो ओलांडा कोरडा राहिला पाहिजे, एक थेंब जीए लागता कामा नये. आणि काडीची पेरं मोजायची, म्हणजे दोन डोळ्यांमधलं अंतर. डिपिंगमध्ये फक्त घड बुडतो, म्हणून फक्त मणी आणि त्याचा देठ फुगतो. जनुकच बदललं असेल तर काडीही ताणली जाण्याची शक्यता मोठी.

मी चिंधी बांधून आले. मोजायचं काम भाऊकडे दिलं, कारण मला दर पंधरवड्याला पुण्याहून येणं जमत नव्हतं. तो पोस्टकार्डावर आकडे पाठवायचा. आठ सेंटीमीटर. साडेआठ. नऊ. शेजारच्या वेलींची पेरं पाच-सहाची होती. खाली वहिनीच्या अक्षरात एखादी ओळ असायची, की तब्येतीला जप, आणि हे म्हणतात नलूने आता लग्नाचंही बघावं.

इनामदार सरांनी सगळी कार्डं ओळीने टेबलावर मांडली.

"नलिनी, तुझा भाऊ फूटपट्टीने मोजतो की मनाने?"

"फूटपट्टीने, सर."

"निसर्ग इतका नीटनेटका वागत नाही. सगळे आकडे पूर्ण नाहीतर अर्धे."

मी सांगितलं की शेतकरी माणूस आहे, मिलिमीटर कोण बघतो. सरांनी कार्डं गोळा करून माझ्याकडे दिली. फेब्रुवारी ९६ मध्ये चिंधीपुढचे सगळे घड लांब मण्यांचे निघाले. मी ते स्वतः मोजले आणि ते आकडे खरे होते.

त्याच वर्षी मे महिन्यात मी हक्कसोडपत्रावर सही केली. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीने भावाच्या नावे सोडायचा, तो हा कागद. भाऊ म्हणाला होता, वाण नोंदवायचा तर सातबाऱ्यावर एकच नाव लागतं. "जमिनीवर माझं नाव राहील, वाणाला तुझं देऊ." नाव ठरलंही होतं, नलिनी सीडलेस. असा कुठलाही नियम तेव्हा नव्हता. मी चौकशी केली नाही. दिंडोरीच्या कचेरीत सही करून, अंगठा पुसत बाहेर आले, तेव्हा सिंधू वहिनी जिन्यापाशी उभी होती. तिने रीतीप्रमाणे मला मोरपंखी साडी दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घडी मोडा लवकर."

आता १८ डिसेंबरची दुपार. बागेतलं डिपिंग सोमवारी उरकलं होतं. मी बुधवारी पोहोचले. पंपाच्या खोलीबाहेर भाऊ, वहिनी आणि मी चहा घेत बसलो होतो. भाऊने विचारलं की उद्या तुझे सर नक्की काय करणार.

मी सविस्तर सांगितलं, मला सांगायची आवड होती. सर आता मणी मोजणार नव्हते. कोवळे मणी अतिथंड नायट्रोजनमध्ये गोठवून नेणार होते आणि त्यांत ते जनुक किती काम करतंय ते बघणार होते.

"त्यावरून काय कळतं?"

"सगळंच कळतं. संप्रेरक बाहेरून मिळायला लागलं की झाड स्वतःचं बनवणं कमी करतं. जनुक जवळजवळ गप्प होतं. म्हणजे डिपिंग केलेल्या घडात संप्रेरक भरपूर आणि जनुक गप्प. आपल्या घडात संप्रेरक भरपूर आणि जनुक जोरात. त्यानंतर कोणाला शंका काढायला जागाच उरत नाही."

भाऊने बशी खाली ठेवली. चहा अर्धा होता.

"फार हुशार झाली तू," तो म्हणाला. मग पानं विरळ करणारी टोळीची माणसं कुठपर्यंत आली ते बघायला उठून गेला. वहिनीने त्याचा उरलेला चहा मातीत ओतला.

गुरुवारी इनामदार सर दहा वाजून वीस मिनिटांनी आले. मी त्यांना कापलेली वेल दाखवली. त्यांनी घड्याळ बघितलं आणि कापून किती वेळ झाला असेल ते विचारलं. पहाटे पाचच्या आसपास, असा माझा अंदाज होता. सरांनी जीपमधून नायट्रोजनचा डबा काढायला सांगितला.

भाऊ मध्ये आला. "मेलेल्या वेलीचं काय घेता, साहेब? पुढच्या वर्षी बघू. बुंधा आहे, फुटेल."

"मेलेली नाही अजून," सर म्हणाले. "मण्यांना अजून कळलेलंही नाही."

भाऊ म्हणाला, आधी पोलिसपाटलाला बोलावू, पंचनामा होऊ दे, कोणी हात लावू नका. सर म्हणाले, तुम्ही जरूर बोलवा, मला दहा मिनिटं लागतील. त्यांनी चिंधीपुढच्या घडांतून तीस मणी घेतले, शेजारच्या वेलीचे तीस घेतले आणि डबा बंद केला. भाऊ ओळीच्या टोकाला उभा राहून बघत होता. पोलिसपाटलाला त्या दिवशी कोणी बोलावलं नाही, नंतरही नाही.

सर गेल्यावर मी करवत शोधली. ती पंपाच्या खोलीत नेहमीच्या खुंटीवर होती. दातांत ओला भुसा होता. त्या दिवसांत बागेत करवतीचं कसलंच काम नव्हतं. मी ती पुन्हा खुंटीला लावली. शेजाऱ्याने आमचीच करवत वापरली, असं मी स्वतःला सांगितलं आणि दोन महिने त्यावर विश्वासही ठेवला.

बाहेर वहिनी कापलेला ओलांडा ओढत घराकडे नेत होती. चिंधी तशीच होती. "फेकून कशाला द्यायचा," ती म्हणाली. "मोरीच्या पाण्यावर टोचते. जगला तर जगला."

निकाल २७ फेब्रुवारीला आला. चिंधीपुढच्या मण्यांत संप्रेरक डिपिंग केलेल्या शेजारच्या मण्यांपेक्षाही जास्त होतं आणि जनुक गप्प होतं. मी सरांना म्हटलं, वेल कापून पाच तास झाले होते, त्याने जनुक गप्प झालं असेल. सर म्हणाले, असेल, ते मी नाकारत नाही. मग त्यांनी संप्रेरकाच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. "हे मात्र पाच तासांत कुठून आलं, ते विचार."

मार्चच्या पहिल्या रविवारी मी घरी गेले. भाऊ पॅकिंगच्या शेडमध्ये खोक्यांत कागद घालत होता. मजूर जेवायला गेले होते. मी खोक्यावर बसले.

"भाऊ, घड बुडवले होते?"

त्याने दोन खोकी पूर्ण केली. "पहिल्या वर्षी नाही. आईची शपथ."

"दुसऱ्या वर्षी?"

"बुडवले."

"आणि या वर्षी?"

"दोनदा. म्हटलं, कमी नको पडायला."

"का?"

"नसते लांबले तर? तू सगळ्या पुण्याला सांगून बसली होती. तुझ्या सरांना, तुझ्या मैत्रिणींना. मी रोज त्या वेलीपुढं जाऊन उभा राहायचो. मणी बारीक दिसायचे. हात थांबला नाही."

"पेरं मोजली होतीस?"

"कामाच्या दिवसांत कुठं पट्टी घेऊन बसू, नले?"

"आणि वेल?"

तो कागदाची घडी करत राहिला. मग म्हणाला, "तूच म्हणाली ना, सगळंच कळतं."

मी मे महिन्यातल्या सहीबद्दल विचारलं. त्याचा चेहरा तेवढ्यापुरता बदलला, जणू आता कुठे मी त्याच्यावर आळ घेतला होता. सहीचा आणि याचा काय संबंध, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तेच विचारतेय. पहिल्यांदा बुडवलं पंचाण्णवच्या डिसेंबरमध्ये, सही पुढच्या मेमध्ये. सही घेताना तुला माहीत होतं.

"वाटा पाहिजे होता तर सरळ मागायचा," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं असतं का?"

"तू सरळ मागितली असतीस, तर सही मीही केली असती."

बाहेर मजुरांचे आवाज आले आणि तो पुढचं खोकं घ्यायला उठला. वहिनी शेडच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती कधीपासून उभी होती, मला माहीत नाही. मी पाणी न पिता निघाले. ती साडी मी घडी न मोडता पुण्याला खोलीतल्या ट्रंकेत ठेवली होती. ती कुरिअरने परत पाठवली.

विषय बदलावा लागला. चार वर्षं वाढली. ज्वारीच्या बुटक्या जातींवर मी प्रबंध पूर्ण केला आणि साताऱ्याला कॉलेजात लागले. वर्गात संप्रेरकांचा धडा दर वर्षी शिकवला आणि द्राक्षाचं उदाहरण एकदाही दिलं नाही. माहेरच्या लग्नांना, बारशांना गेले नाही. पहिल्या वर्षी ती वेल खरोखर कोरडी होती का, हा एकच प्रश्न राहिला होता. भाऊची शपथ सोडली तर त्याचा काही पुरावा नव्हता. टोळीतल्या कोणी जाता जाता तो एक ओलांडा बुडवला असेल, हेही शक्य होतं. कापलेला बुंधा त्याच उन्हाळ्यात वाळला, आणि २००४ मध्ये भाऊने सगळी बाग उपटून नवी लावली.

या वर्षी ११ फेब्रुवारीला, संध्याकाळी सव्वापाच वाजता सिंधू वहिनीचा फोन आला. सत्तावीस वर्षांत आम्ही तीनदा बोललो असू, तिन्ही वेळा कोणाच्या तरी जाण्यावरून. मी विचारलं, कोण गेलं?

"कोणी नाही. हे आहेत. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तुम्हाला कळवलं नाही, म्हटलं कळवून काय करायचं."

मग तिने फोन कशासाठी केला ते सांगितलं. मोरीपाशी टोचलेली ती काडी जगली होती. तिची वेल होऊन अंगणातल्या मांडवावर चढली होती. इतक्या वर्षांत तिला एकदाही द्राक्ष लागलं नव्हतं, कारण फुलोरा दिसला की भाऊ स्वतः शिडी लावून तो खुडून टाकायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, ही सावलीची वेल आहे. वहिनीने एकदा एक घड पानाआड लपवून ठेवला होता. तो त्याने शोधून काढला आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

"या वर्षी खुडायला कोणी नव्हतं," वहिनी म्हणाली. "घड लागलेत, नलूताई. मणी लांब आहेत."

"कोणी बुडवले?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मांडवाच्या वेलीला कोण बुडवतं? यांची खाट तिथंच आहे, मांडवाखाली. दिवसभर वर बघत असतात."

मी मणी मागवले. बर्फ घालून पाठवलेलं पार्सल चार दिवसांनी आलं. सरासरी लांबी चोवीस मिलिमीटर, देठ जाड. संप्रेरक वेलीचं स्वतःचं असलं तरी देठ जाड होतो आणि जीए लावलं तरीही होतो. माझ्याकडे आता प्रयोगशाळा नाही. इनामदार सर जाऊन नऊ वर्षं झाली.

पार्सल पोहोचलं का ते विचारायला भाऊच्या मुलाचा, किरणचा फोन आला. बाग आता तो बघतो. मी त्याला तो पाळण्यात असताना शेवटचं बघितलं होतं. तो अदबीने बोलला. वेलीचं ऐकून आपल्यालाही आश्चर्य वाटलं, वाण चांगला निघाला तर तुमचंच नाव देऊ, असं म्हणाला. फोन ठेवता ठेवता त्याने सांगितलं, "आत्या, एक राहिलंच. गावठाणातल्या घराच्या उताऱ्यावर अजून तुमचं नाव आहे. हक्कसोड फक्त शेताचं झालं होतं. सवड मिळेल तेव्हा एक सही लागेल."

मी त्याला म्हटलं, काडीची पेरं मोजून पाठव. दहा पेरं, मिलिमीटरपर्यंत.

आकडे काल रात्री आले. ८७, ९१, ७८, ९४, ८३, ८९, १०२, ७६, ९३, ८८. सेंटीमीटरात एकही पूर्ण नाही, एकही अर्धा नाही. मांडवाच्या सावलीतही पेरं लांबतात, पण सहसा इतकी नाहीत.

हे कोणी मोजले, ते मी अजून विचारलेलं नाही.